तीन फ्लॅश, एक क्लिक आणि मधला सगळा झोल

एक फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला स्टँडवर लावणं सगळ्यांना पटकन जमतं, दुसरा लावला तरी फारसं काही बिघडत नाही. खरी मजा तिसऱ्यापासून सुरू होते. एक पेटतो, एक पेटतच नाही, आणि एक पेटतो पण फोटोत दिसत नाही, आणि समोरच्या माणसाला "एक मिनिट हां" म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरायला लागतो. की लाइट (मुख्य दिवा) कुठे ठेवायचा, रिम लाइट (मागून कड उजळणारा) किती मागे, उजेड मऊ करायला सॉफ्टबॉक्स की अंब्रेला यावर नेटवर ढीगभर मटेरियल आहे, पण हे सगळे दिवे एकाच क्षणी पेटणार कसे यावर बहुतेक जण "ट्रिगर लावा" एवढं सांगून पुढे सटकतात. म्हणून ही पोस्ट फक्त पेटवण्याबद्दल, लायटिंगबद्दल नाही.

माझ्या डोक्यात याचा हिशोब असा आहे. ट्रिगर म्हणजे कॅमेऱ्याचा निरोप फ्लॅशला पोचवणारं यंत्र. मग विचारायचे प्रश्न तीनच उरतात: निरोप जातो कशातून, निरोपात सांगितलंय काय, आणि तो वेळेत पोचतो का. काहीही बिघडलं तरी ते या तिनातल्या एकात बसतं, आणि बहुतेक वेळा लोक भलत्याच प्रश्नाच्या मागे लागतात, म्हणजे निरोप उशिरा पोचतोय आणि हे बसलेत बॅटऱ्या बदलत.

वायरचं आधी उरकून टाकतो. सिंक केबल, म्हणजे कॅमेऱ्यापासून फ्लॅशपर्यंतची तार, लावली की निरोप पोचणारच, ना चॅनल ना बॅटरी, एका फ्लॅशसाठी अजूनही यासारखं भरवशाचं काही नाही. पण तीन फ्लॅशना तीन केबल म्हणजे खोलीभर सापळे, कुणीतरी पाय अडकवून स्टँड पाडणारच. मी एक केबल बॅगेत ठेवतो, अडीअडचणीला.

वायर नको म्हटलं की पहिला स्वस्त मार्ग म्हणजे ऑप्टिकल स्लेव्ह. फ्लॅशमध्ये प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो, त्याला अचानक लखलखाट दिसला की तो स्वतःचा फ्लॅश पेटवतो, बस. कॅमेऱ्यावरचा एक फ्लॅश उडाला की खोलीतले सगळे त्याच्या पाठोपाठ उडतात, आणि हे इतकं झटपट होतं की उशिराचा प्रश्न व्यवहारात येतच नाही. बऱ्याच साध्या फ्लॅशमध्ये हे आतच असतं, मेन्यूत एस१ आणि एस२ असे दोन मोड दिसतात. एस१ म्हणजे पहिला लखलखाट दिसला की पेट, एस२ म्हणजे पहिला सोडून दे, दुसऱ्याला पेट.

आता हे दोन मोड का? कारण कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर (लेन्समधून आलेला उजेड मोजून पॉवर आपोआप ठरवणारा मोड) असेल तर तो खऱ्या उजेडाआधी एक छोटा प्रीफ्लॅश मारतो, त्यावरून कॅमेरा एक्सपोजर मोजतो आणि मग मुख्य फ्लॅश. आपल्या डोळ्याला हे दोन्ही एकच वाटतात, पण स्लेव्हला नाही. एस१ वरचा स्लेव्ह प्रीफ्लॅश बघूनच पेटून मोकळा होतो आणि शटर उघडतं तेव्हा तो रिकामा, नुसता रिचार्ज होत बसलेला. हाच तो "पेटतो पण फोटोत दिसत नाही" वाला किस्सा. वर आणि प्रीफ्लॅशच्या मोजमापात स्लेव्हचा उजेड मिसळतो, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं इथे भरपूर उजेड आहे, मग मुख्य फ्लॅश पण कमी पॉवरने उडतो आणि फोटो काळा, म्हणजे दोन्हीकडून मार. रेड आय रिडक्शन (फोटोत डोळे लाल येऊ नयेत म्हणूनची सोय) चालू असेल तर एकाऐवजी बरेच लखलखाट होतात, मग एस२ सुद्धा गोंधळतो. उपाय सोपा आहे, कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर टाका, म्हणजे पॉवर आपणच ठरवायची, रेड आय बंद करा, स्लेव्ह एस१ वर. आणि काही कारणाने टीटीएल ठेवायचंच असेल तर एक जुगाड चालतो: फ्लॅश एक्सपोजर लॉकचं बटन दाबा, प्रीफ्लॅश तेव्हाच उडतो, स्लेव्ह पण फुकट उडतात, मग ते रिचार्ज होईपर्यंत थांबा आणि लॉक सुटायच्या आत क्लिक करा, आता फक्त मुख्य फ्लॅश उडतो आणि सगळे बरोबर साथ देतात. रोज करण्यासारखं नाही हे, पण माहीत असावं.

ऑप्टिकलची दुसरी कटकट म्हणजे नजर. सेन्सरला लखलखाट दिसायला हवा. खोलीत भिंती आणि छतावरून उजेड परत येतो म्हणून अगदी सोफ्यामागे लपवलेला स्लेव्ह पण पेटतो, बाहेर मोकळ्यावर तोच स्लेव्ह ढिम्म, कारण उजेड परत आणायला काही नाहीच आणि वरून ऊन सेन्सरवर. स्पीडलाइटचं, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशचं, डोकं फिरतं हे लक्षात ठेवा, सेन्सर आहे ती बाजू कॅमेऱ्याकडे करा आणि डोकं सब्जेक्टकडे वळवा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. आणि कार्यक्रमात ऑप्टिकल वापरायचं असेल तर देव भलं करो, तिथे पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांचे फ्लॅश पण तुमचेच स्लेव्ह उडवतात आणि तुम्ही क्लिक कराल तेव्हा सगळे रिकामे.

मास्टर फ्लॅशचा, म्हणजे बाकीच्यांना उडवणाऱ्या कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा, स्वतःचा उजेड फोटोत नको असेल तर त्याला फुल पॉवरच्या १/६४ किंवा १/१२८ वर ठेवून छताकडे वळवायचं. अजून एक जुनी ट्रिक म्हणजे एक्सपोज न करता डेव्हलप केलेली स्लाइड फिल्म त्याच्या तोंडावर लावायची, दिसायला ती काळीकुट्ट असते पण इन्फ्रारेड तिच्यातून आरपार जातं आणि स्लेव्हच्या सेन्सरला तेवढं पुरतं.

कंपन्यांनी याच प्रकाशाच्या निरोपात जास्त माहिती भरली. कॅननने १९९८ च्या ५५०ईएक्स फ्लॅशपासून आणि निकॉनने २००३ मध्ये एसबी-८०० फ्लॅश आणि डी२एच कॅमेऱ्याबरोबर आणलेल्या सीएलएस (क्रिएटिव्ह लायटिंग सिस्टिम) मध्ये, लखलखाटांच्या कोडमधून फ्लॅशना सांगायला सुरुवात केली की कुठल्या ग्रुपने, म्हणजे गटाने, किती पॉवरवर पेटायचंय. म्हणजे आता निरोप नुसता "पेट" एवढाच राहिला नाही. कॅमेऱ्याजवळ उभं राहून मागच्या फ्लॅशची पॉवर बदलता येणं ही त्या काळी चैन होती, स्टुडिओत बसून केलं तर मस्त चालायचं, पण बाहेर पडलं की पुन्हा तीच नजरेची बोंब.

म्हणून शेवटी सगळे रेडिओवर आले. पॉकेटविझार्ड या ट्रिगरच्या ब्रँडने तो रस्ता व्यावसायिक लोकांसाठी आधीच पाडून ठेवला होता, मग स्वस्तातले योंगनुओ वगैरे ब्रँड आले, आणि २०१२ मध्ये कॅननने ६००ईएक्स-आरटी काढला ज्यात रेडिओ फ्लॅशच्या आतच होता. आता गोडॉक्स आणि इतर बऱ्याच जणांचे फ्लॅश तसेच येतात, वेगळा रिसीव्हर लटकवायची गरजच नाही. रेडिओला भिंत, ऊन, सोफा काही अडत नाही असं आपण समजतो. बऱ्याच अंशी खरं आहे पण पूर्ण नाही, त्याबद्दल जरा सविस्तर बोलू कारण इथेच लोकांचे केस पिकतात.

सगळ्यात आधी चॅनल आणि ग्रुप यातला फरक. चॅनल म्हणजे सगळे कुठल्या लाइनवर ऐकतायत ते, आणि तो ट्रिगरवर आणि प्रत्येक फ्लॅशवर एकच असायला हवा. ग्रुप म्हणजे त्या लाइनवर कुणाला कुठल्या नावाने हाक मारायची ते, ए, बी, सी. की लाइट ए, रिम बी, बॅकग्राऊंड सी. नवीन माणूस हमखास उलटं करतो, प्रत्येक फ्लॅशला वेगळा चॅनल देतो आणि मग एकच पेटतो. गोडॉक्समध्ये चॅनलशिवाय एक वायरलेस आयडी पण असतो, शेजारी दुसरं कुणी त्याच चॅनलवर शूट करत असेल तर एकमेकांचे फ्लॅश उडू नयेत म्हणून. पण तो एका फ्लॅशवर सेट केला आणि दुसऱ्यावर राहिला की चॅनल बरोबर, ग्रुप बरोबर, तरी फ्लॅश गप्प, आणि हे मेन्यूत इतकं आत असतं की पटकन डोक्यात येत नाही.

दुसरं, अंतर. लांब गेल्यावर ट्रिगर मिसफायर करतो हे सगळ्यांना समजतं, पण फार जवळ असला तरी करतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही. रिसीव्हरला सिग्नल इतका जोरात येतो की तो त्याला नीट वाचता येत नाही. गोडॉक्सच्या एक्सप्रो ट्रिगरमध्ये यासाठीच सेटिंग आहे, ०-३० मीटर आणि १-१०० मीटर. टेबलावर प्रॉडक्ट शूट करताना, फ्लॅश हाताच्या अंतरावर असताना १-१०० वर ठेवलं तर कधी पेटतो कधी नाही, ०-३० वर टाका की लगेच शहाण्यासारखा वागायला लागतो.

तिसरं, यातले बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथच्या गर्दीतच. मोठ्या हॉलमध्ये शेकडो फोन असतात तिथे चॅनल बदलून बघणं हा पहिला उपाय. या फ्रिक्वेन्सीला पाणी आवडत नाही, आणि माणसाचं शरीर म्हणजे बहुतांश पाणीच, त्यामुळे ट्रिगर आणि फ्लॅशच्या मधे माणसांची भिंत उभी राहिली की रेंज झपकन कमी होते. स्टँड थोडा उंच करा, फ्लॅश लोखंडी कपाटाला चिकटवू नका, रिसीव्हर वेगळा असेल तर तो फ्लॅशच्या पोटाखाली दाबून न ठेवता जरा बाहेर येऊ द्या. पॉकेटविझार्डचे जुने युनिट सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक सूचना: त्यांची फ्रिक्वेन्सी प्रदेशानुसार वेगळी आहे, अमेरिकेत ३४४ मेगाहर्ट्झ आणि युरोपात ४३३, दोन प्रदेशातले युनिट एकमेकांशी बोलत नाहीत, कितीही चॅनल फिरवा.

आता तिसरा प्रश्न, वेळेत पोचतो का. मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो आणि हाच सगळ्यात कमी लोक समजून घेतात.

शटरचे दोन पडदे असतात, पहिला उघडतो, दुसरा बंद करतो. कॅमेऱ्याचा सिंक स्पीड साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंद असतो म्हणजे तिथपर्यंतच असा एक क्षण येतो जेव्हा पहिला पडदा पूर्ण उघडलाय आणि दुसरा अजून निघालेला नाही, म्हणजे कॅमेऱ्याचा पूर्ण सेन्सर उघडा. १/२०० म्हणजे ५ मिलिसेकंद, पण त्यातला बराच वेळ पडद्याच्या प्रवासातच जातो, पूर्ण उघडा काळ अगदी थोडाच उरतो. आणि आता रेडिओ ट्रिगर त्यात स्वतःचा किंचित उशीर घालतो. निरोप पोचला, पण दुसरा पडदा निघालाय. परिणाम म्हणजे फोटोच्या खालच्या बाजूला काळा पट्टा, कॅमेरा उभा धरला असेल तर डाव्या किंवा उजव्या कडेला. पट्टा दिसला की फ्लॅशला शिव्या देऊ नका, शटर १/१६० किंवा १/१२५ वर आणा, गेला पट्टा.

यात अजून एक भर आहे. फुल पॉवरवर स्पीडलाइटचा उजेड म्हणजे एक टिचकी नसते, तो चढतो आणि हळूहळू उतरतो, आणि जितकी पॉवर कमी तितका तो काळ छोटा. १/१२८ वर तो इतका छोटा असतो की उडणारं पाणी सुद्धा गोठतं. म्हणजे सिंक स्पीडच्या काठावर फुल पॉवरचा फ्लॅश शेपटीकडून कापला जातो आणि कमी पॉवरचा सहीसलामत निसटतो. तीन फ्लॅश तीन वेगळ्या पॉवरवर असतील तर एकाच फोटोत एकाचाच उजेड खालच्या बाजूला मंदावलेला दिसतो आणि आपण डोकं खाजवत बसतो. मोठे स्टुडिओ लाइट तर याहून सावकाश असू शकतात, म्हणून मी अनेक फ्लॅश असले की सरळ १/१२५ वरच सुरू करतो, आतमध्ये शूट असेल तर शटर वाढवून तसंही काही मिळत नाही.

सिंक स्पीडच्या वर जायचं तर एचएसएस (हाय स्पीड सिंक). यात फ्लॅश एकदा न उडता पडद्यांची चीर सेन्सरवरून सरकत असेपर्यंत भराभर धडधडत राहतो. त्यासाठी निरोप शटर उघडायच्या आधीच पोचावा लागतो, आणि निरोपात "धडधडत राहा" हे पण सांगावं लागतं. साधा ट्रिगर जो फक्त हॉट शूच्या (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायची खाच) मधल्या पिनवरून "पेट" एवढंच सांगतो तो हे करूच शकत नाही, आणि साधा ऑप्टिकल स्लेव्ह पण नाही. म्हणून एचएसएस करायचं असेल तर सगळेच्या सगळे फ्लॅश एकाच सिस्टिमचे हवेत, यात तडजोड नाही. आणि पॉवर जबरदस्त खातो, साधारण दोन स्टॉप तरी गेलेच समजा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक जास्त म्हणजे दुप्पट). ती भरून काढायला एकाच जागी जास्त फ्लॅश लावतात, पण हिशोब निर्दयी आहे, एकाचे दोन केले तर एक स्टॉप वाढतो, पुढचा एक स्टॉप हवा तर चार, त्याच्या पुढचा हवा तर आठ. चाराच्या पुढे गेलात तर एक मोठा लाइट घेतलेला बरा, बॅटऱ्या मोजून मोजून वेड लागेल.

उलट एकाच अंब्रेलात दोन फ्लॅश १/२ पॉवरवर लावणं मला फार पटतं, उजेड एका फुल पॉवरवाल्या इतकाच, पण रिचार्ज पटकन, गरम कमी होतात, आणि उजेडाचा काळ छोटा म्हणून वरचं शेपटी कापण्याचं लचांड पण कमी.

आता टीटीएल की मॅन्युअल. फ्लॅश तीन असतील आणि जागेवर उभे असतील तर मॅन्युअल, माझ्याकडून दुसरं उत्तर मिळणार नाही. टीटीएलमध्ये प्रत्येक क्लिकला मोजमाप नव्याने होतं, सब्जेक्टने पांढऱ्याऐवजी काळं जॅकेट घातलं की तीनही फ्लॅशचं गणित हलतं, आणि कोण किती हलला ते फोटोवरून कळत नाही. अंतर सतत बदलत असेल, म्हणजे कुणी असिस्टंट फ्लॅश हातात घेऊन चालतोय, तर टीटीएल कामाचं आहे, तेवढ्या एका ग्रुपला ठेवा आणि बाकीचे मॅन्युअल. काही ट्रिगरमध्ये टीटीएलचा आलेला आकडा मॅन्युअलमध्ये पक्का करायची सोय असते, ती मस्त आहे, सुरुवातीचा अंदाज मशीनला करू द्यायचा आणि मग लगाम आपल्या हातात.

सेट करताना क्रम असा ठेवतो: सगळे फ्लॅश बंद करून एक फोटो, म्हणजे आजूबाजूचा उजेड किती शिरतोय ते कळतं. मग फक्त ए ग्रुप, मग ए बंद करून फक्त बी, मग फक्त सी, आणि शेवटी सगळे एकत्र. कंटाळवाणं वाटतं, पण दुसरा मार्ग म्हणजे तिन्ही चालू ठेवून अंदाजपंचे बटनं दाबणं. आणि इथे एक महत्त्वाची गोष्ट, ट्रिगरवरचं टेस्ट बटन दाबून सगळे पेटले म्हणजे काम झालं असं नाही. टेस्ट बटनाला शटरशी काही घेणंदेणं नसतं. फ्लॅश पेटला हे डोळ्याला दिसतं, पण शटर उघडं असताना पेटला का हे फक्त फोटोच सांगतो. मी कधीकधी टेस्टपुरतं तिन्ही फ्लॅशवर वेगवेगळ्या रंगाचे जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक तुकडे, लावतो, लाल, हिरवा, निळा, एक फोटो काढला की कुणाचा उजेड कुठे पडतोय, कोण गायब आहे, कोण सगळीकडे सांडतोय ते एका नजरेत दिसतं. बघणाऱ्याला वाटतं डिस्को चाललाय, वाटू दे.

सगळे फ्लॅश एकाच कंपनीचे नसतील तर? जमतं, फक्त निरोप साधा ठेवावा लागतो. समोरच्या मुख्य फ्लॅशला रेडिओ द्या आणि बॅकग्राऊंडवरचे जुने फ्लॅश एस१ वर टाका, ते समोरच्याचा उजेड बघून पेटतील. अट एकच, सगळं मॅन्युअलवर आणि एचएसएस बंद. रेडिओ आतच असलेल्या गोडॉक्सचा एक फायदा असा की फ्लॅश कॅननसाठीचा घेतलेला असला तरी कॅमेऱ्यावर निकॉनचा ट्रिगर लावून तो लांबून टीटीएलसकट चालतो, त्यामुळे कॅमेरा बदलला तर फक्त ट्रिगर बदलायचा.

जुन्या फ्लॅशबद्दल मात्र एक धोक्याची सूचना. जुने व्हिविटार २८३ वगैरे काही फ्लॅश कॉन्टॅक्टवर २०० व्होल्टच्याही वर देतात, आताचे डिजिटल कॅमेरे आणि स्वस्त रिसीव्हर इतक्यासाठी बनलेले नसतात. असा फ्लॅश वापरायचाच तर ऑप्टिकल स्लेव्हवर लावून, म्हणजे कॅमेऱ्याशी तारेचा संबंधच येत नाही, आणि स्लेव्हला तेवढे व्होल्ट झेपतात का ते आधी बघून.

उलट बाजूचा एक घोळ नव्या कॅमेऱ्यांचा. कॅननच्या २५०डी, २०००डी, ४०००डी अशा काही मॉडेलच्या हॉट शूवर मधली पिनच नाही. साधा एका पिनवाला ट्रिगर त्यावर बसतो, दिवा पण लागतो, फ्लॅश मात्र उडत नाही, आणि माणूस ट्रिगर परत करून दुसरा आणतो, तो पण उडत नाही. तिथे कॅननसाठीचा, बाकीच्या पिनांवरून बोलणारा ट्रिगरच हवा. ट्रिगर मागवायच्या आधी शूकडे एकदा टॉर्च मारून बघा.

बॅटरीचं थोडक्यात. सगळ्यांचा वेग सगळ्यात सावकाश रिचार्ज होणारा फ्लॅश ठरवतो, बाकीचे दोन कितीही चपळ असोत. सलग क्लिक केले आणि तिसऱ्या फोटोत रिम लाइट गायब, तर तो ट्रिगरचा दोष नसून रिम लाइट अजून भरलेला नाही. तयार झाल्यावर बीप वाजायची सोय असेल तर चालू करा, ज्याची पॉवर जास्त त्याचीच. रिचार्जेबल एनआयएमएच सेल एकाच वयाचे एकत्र ठेवा, चारातला एक म्हातारा असला तरी फ्लॅश रेंगाळतो. फ्लॅश आपोआप झोपण्याचं सेटिंग बंद करा, कारण झोपलेला फ्लॅश ट्रिगरने उठतोच असं नाही, आणि तो सॉफ्टबॉक्सच्या आत असला की उठवायला सगळं उघडावं लागतं. हेच चॅनल आणि ग्रुपचं, फ्लॅश आत घालायच्या आधी तपासा आणि कागदी टेपवर ए, बी, सी लिहून स्टँडला चिकटवा, अंधारात कुठला कोण हे ट्रिगरचा छोटा स्क्रीन सांगत नाही.